चीक आधी वासराचा

पुण्यात आमच्या कसबा पेठेत खरवसाची आवड घरोघर आहे. शहरात चिकास गिऱ्हाईक मिळते, म्हणून गाय व्याली की पुष्कळ गोठ्यांतून तो विक्रीस निघतो. ह्या व्यवहारात वासराची हानी किती होते, हे शेतकरी बंधूंनी ध्यानात घ्यावे.

चीक तापविला की थिजतो, ह्याचे कारण त्यातील विपुल प्रथिने होत. त्यांतील मोठा वाटा रोगप्रतिकारक प्रथिनांचा असतो. मनुष्याच्या अर्भकास ती मातेच्या उदरातच मिळतात. गाईची वार मात्र ती वासराकडे जाऊ देत नाही. जन्मल्यावर पहिले काही तास वासराची आतडी ही प्रथिने न पचविता जशीच्या तशी रक्तात घेतात; सुमारे २४ तासांनी तो मार्ग बंद होतो. चिकातील लॅक्टोफेरिन हे दुसरे प्रथिन जंतूंस लागणारे लोह अडवून धरते व आतड्यांचा दाह आवरण्यास साह्य करते. अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ व राल्फ लिटल ह्यांनी १९२२ साली केलेल्या प्रयोगात चिकावाचून ठेवलेली बहुतेक वासरे दगावली.

सबब वार पडण्याची वाट पाहू नये. २५ किलो वजनाच्या वासरास पहिल्या दोन तासांत सव्वा लिटर व बारा तासांच्या आत पुन्हा तितकाच ताजा चीक पाजावा. तो उकळू नये. ज्या उष्णतेने खरवस थिजतो, तिनेच ही प्रथिने निकामी होतात. वासराचा वाटा देऊन उरेल, त्याचा खरवस खुशाल करावा.