घोरणे नाही, तरी श्वास थांबतो

प्रश्न : वडिलांचे हृदय कमजोर आहे, झोपेत ते घोरत नाहीत, पण श्वास थांबतो. मशीन आणावे का?
– एक वाचक, धामणगाव रेल्वे

उत्तर : घशाची वाट मोकळी असूनही मेंदूकडून श्वासाची आज्ञाच खंडित होते, तेव्हा त्या विकारास सेंट्रल स्लीप ॲप्निया म्हणतात. त्याचे निदान पॉलिसोम्नोग्राफीने, म्हणजे झोपेतील मेंदूलहरी, श्वास व प्राणवायू यांच्या रात्रभराच्या नोंदीने होते. श्वास किमान 10 सेकंद थांबला असता छाती-पोटावरचे पट्टेही निश्चल राहिले, तर दोष आज्ञेत, आणि हलत राहिले, तर घशात असतो. हृदय कमजोर असल्यास टूडी इको करून आधी त्याचे उपचार पक्के करावेत. सीपॅपचा, म्हणजे मुखवट्यातून सतत दाबाने हवा देणाऱ्या मशीनचा, विचार त्यानंतरचा. एएसव्ही हे श्वासागणिक हवेचा दाब बदलणारे यंत्र तर, हृदयाची उपसाक्षमता 45 टक्के वा कमी असलेल्यांत त्याने हृदयविकाराचे मृत्यू वाढल्याचे 2015 च्या सर्व्ह-एचएफ चाचणीत दिसल्याने, तज्ज्ञांच्या देखरेखीवाचून मुळीच लावू नये. अमरावती वा नागपूरला तपासणीस जाताना चालू औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्याव्यात, कारण ट्रामाडॉलसारखी अफूवर्गीय वेदनाशामकेही श्वास मंदावतात.