वावडिंग, पपईच्या बिया आणि पोटातले जंत

जामनेरच्या बाजारात काष्ठौषधीच्या दुकानी वावडिंग मागा. मिऱ्याएवढे तांबूस-काळे दाणे पुडीत बांधून मिळतील. तान्ह्या बाळाच्या दुधापाण्यात वावडिंग घालण्याची आपली चाल जुनी आहे. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत त्याला विडंग म्हणतात व जंतांवरचे औषध म्हणून त्याची थोरवी सांगतात. पळसाच्या बिया, म्हणजे पळसपापडी, यांचाही असाच उपयोग करतात.

कोणी म्हणेल, "आमची आजी हेच द्यायची. आम्हाला काय झालं?" आम्ही म्हणतो, जुने म्हणून खरे मानू नये, आणि जुने म्हणून खोटेही मानू नये. पारखून घ्यावे.

पारखायचे कसे? समजा, कपाशीला नवे खत घातले आणि पीक चांगले आले. ते खताने आले की पावसाने? शहाणा शेतकरी अर्ध्या वावरात खत घालतो, अर्धे तसेच ठेवतो. मग दोन्हीकडचा कापूस तोलतो. औषधाची परीक्षाही अशीच करतात.

आफ्रिकेत नायजेरिया नावाचा देश आहे. तेथील डॉक्टरांनी पपईच्या बियांची अशी परीक्षा केली. ती २००७ साली छापून आली. विष्ठा तपासून पोटात जंत वा तसलेच जीव असलेली ६० मुले त्यांनी घेतली. ३० मुलांना वाळलेल्या बियांची पूड मधातून दिली. उरलेल्या ३० मुलांना नुसता मध दिला. सात दिवसांनी विष्ठा पुन्हा तपासली. पूड घेतलेल्यांपैकी २३ मुलांची विष्ठा साफ निघाली. नुसता मध घेतलेल्यांपैकी ५ मुलांची.

हे ५ मूल ध्यानात ठेवा. बियांची पूड न घेताही ती साफ झाली! दुसरा गट नसता, तर सगळे श्रेय बियांनाच गेले असते. तरीही २३ आणि ५ यांत फरक मोठा आहे. बियांत गुण दिसतो. पण मुले ६० च होती आणि दिवस सातच. एवढ्यावर निकाल लागत नाही.

वावडिंगात एम्बेलिन आणि पळसपापडीत पॅलासोनिन नावाचे द्रव्य आहे. प्रयोगशाळेत त्यांचा जंतांवर परिणाम दिसला आहे. पण भांड्यातला जंत वेगळा आणि पोरीच्या आतड्यातला वेगळा. शिवाय झाडागणिक द्रव्य कमीजास्त असते. किती द्यावे, हे चिमटीने ठरत नाही. पूर्वी किरमाणी ओव्यातून सँटोनिन नावाचे औषध काढीत. त्याने जंत पडत. पण मात्रा जास्त झाली की रोग्याला सगळे पिवळे दिसे. म्हणून त्याहून निर्धोक औषधे आली, तसे ते मागे पडले. वनस्पतीचे म्हणून निरुपद्रवी, असे समजू नये. गरोदर बाईने तर वावडिंग, पपईच्या बिया घेऊच नयेत.

मग करावे काय? २०१५ सालापासून देशात जंतनाशक दिन पाळतात. शाळेत व अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी फुकट मिळते. तिची मात्रा ४०० मिलिग्रॅम. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी. या गोळीची परीक्षा पुष्कळ देशांत झाली आहे. आकडीचा जंत आतड्याला चिकटून रक्त पितो. मूल फिकट पडते, अभ्यासात मागे राहते. अशा वेळी झाडपाल्यावर दिवस घालवू नयेत. दवाखान्यात जावे.

एक गोष्ट मात्र गोळीही करत नाही. जंताची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. ती विष्ठेतून मातीत जातात. म्हणून संडास वापरा, जेवणाआधी साबणाने हात धुवा, भाजी धुऊन घ्या. आकडीचे जंत अनवाणी पायातून शिरतात. पायांत चपला घाला.

प्रश्न
१. नुसता मध घेणारा गट कशासाठी ठेवला?
२. तुमच्या घरचे एक जुने औषध सांगा. त्याची पारख कशी कराल?