कोंबडीचं औषध, माणसाचं औषध

सोलापूरच्या नवी पेठेत माझं कापडाचं दुकान आहे. लग्नसराई सोडली तर दुपारच्या उन्हात गिऱ्हाईक फिरकत नाही. त्या वेळी ओळखीपाळखीची माणसं येऊन बसतात आणि हमखास विचारतात, "पोल्ट्री टाकावी म्हणतोय, तुमच्या दाजींचं कसं चाललंय?" दाजी दक्षिण सोलापूर तालुक्यात ब्रॉयलरचं शेड चालवतात, भांडवलात माझाही वाटा आहे. पिल्लाचा दर आणि खाद्याचा भाव सांगणारे पुष्कळ भेटतात. औषधाबद्दल मात्र कुणी नीट सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

एका उन्हाळ्यात आमच्या शेडमध्ये मरतूक वाढली. पिल्लं पंख पाडून बसायची, रात्री आत शिरलं की घरघर ऐकू यायची. खाद्याच्या व्यापाऱ्यानं खाद्याबरोबर औषधाचा डबाही उधारीवर दिला. आपल्याकडे पिल्लू, खाद्य आणि औषध बऱ्याचदा एकाच खात्यावर चढतं. पहिलं औषध पाण्यातून दिलं, फरक नाही. मग दुसरं. मग दोन्ही मिळून. शेवटी पशुवैद्यक आले, त्यांनी मेलेली पिल्लं फाडून पाहिली. यकृतावर आणि हृदयावर पांढरट पापुद्रा धरला होता. "ई. कोलाय दिसतोय," ते म्हणाले, "पण त्याला काय लागू पडेल ते नमुना तपासल्याशिवाय कळायचं नाही. आणि तुम्ही तर आधीच दोन औषधं पाजून बसलाय."

"रिपोर्टची तीन दिवस वाट बघितली तर शेड रिकामं होतंय की ओ," दाजी म्हणाले. त्यांचंही खोटं नव्हतं. रिपोर्ट आला तेव्हा एन्रोफ्लॉक्सासिन आणि डॉक्सिसायक्लिन, दोन्हींपुढे 'आर' होतं. म्हणजे जंतू दाद देत नाही. पैसे घालून आम्ही पाजलं होतं ते हेच.

त्याच वर्षी माझ्या आईला लघवीचा संसर्ग झाला. तिच्या कल्चरच्या रिपोर्टातही सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे 'आर' आलं. गोळ्यांवर भागलं असतं ते इंजेक्शनांवर गेलं आणि तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. शेडची हकिगत मी तिच्या डॉक्टरांना सांगितली. ते म्हणाले, हा जंतू कोंबडीकडूनच आला असं म्हणायला काहीही पुरावा नाही. माणसंसुद्धा ताप आला की मेडिकलमधून परस्पर दोन-चार गोळ्या आणून खातात, त्यातूनही हेच होतं. ते मला पटलं. पण पुढं त्यांनी सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. एन्रोफ्लॉक्सासिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन एकाच घरातली औषधं. कोंबडीच्या अंगात गेल्यावर एन्रोचा काही भाग चक्क सिप्रोच होतो. एकाला सरावलेला जंतू दुसऱ्यालाही जुमानत नाही. याच कारणानं अमेरिकेनं २००५ साली कोंबड्यांसाठी एन्रोफ्लॉक्सासिन बंद केलं.

कोलिस्टिनचं उदाहरण याहून बोलकं आहे. हे जुनं औषध मूत्रपिंडाला त्रास देतं म्हणून माणसांच्या डॉक्टरांनी बाजूला ठेवलं होतं. बाकीची औषधं हरायला लागली तेव्हा अतिदक्षता विभागात शेवटचा उपाय म्हणून ते परत आलं. तोवर पोल्ट्रीत त्याचा सर्रास वापर सुरू होता, कधी आजारासाठी, कधी नुसती वाढ चांगली व्हावी म्हणून. २०१५ साली चीनमध्ये जंतूला कोलिस्टिन न जुमानण्याची ताकद देणारा असा जनुक सापडला, जो एका जंतूकडून दुसऱ्या जंतूकडे सहज जातो. आपल्या केंद्र सरकारनं जुलै २०१९ मध्ये मांस-अंडी-दुधासाठी पाळलेल्या पशुपक्ष्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. त्याच साली जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंमुळेच गेली, असा अंदाज आहे.

आता हिशेब बघा. २०१२ च्या नियमानुसार जनावरांच्या औषधाच्या लेबलवर विड्रॉवल पिरियड, म्हणजे शेवटच्या मात्रेनंतर किती दिवस मांस, अंडी, दूध विकायचं नाही, हे लिहावं लागतं. औषधाचा असा काळ तपासून ठरवलेला नसेल तर मांसासाठी किमान २८ दिवस आणि अंडी-दुधासाठी ७ दिवस धरायचे. ब्रॉयलरचं आयुष्यच ३५ ते ४२ दिवसांचं! तिसऱ्या आठवड्यात असं औषध पाजलं तर पक्षी वेळेवर विकताच येत नाही. आणि आषाढात, गटारीच्या तोंडावर दर चढलेला असताना, गाडी दारात उभी असताना थांबतो कोण? दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनं २०१४ मध्ये दिल्ली परिसरातले चिकनचे ७० नमुने तपासले, तर ४० टक्क्यांत अँटिबायोटिकचे अंश निघाले.

गंमत म्हणजे आमच्या पेठेत लोक भितात ते वेगळ्याच गोष्टीला. ब्रॉयलरला हार्मोनचं इंजेक्शन देऊन फुगवतात म्हणे. हजारो पक्ष्यांना एकेक करून सुई टोचायला माणसं कुठून आणायची? ती वाढ जातीची आणि खाद्याची असते. भीती घालायचीच तर पाण्याच्या टाकीत काय मिसळलंय त्याची घाला.

दाजींच्या शेडमध्ये नंतर बदललं ते मुख्यतः पाणी. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. जड पाण्यातलं कॅल्शियम टेट्रासायक्लिन गटातल्या औषधांना धरून ठेवतं, म्हणजे डबा रिकामा होतो आणि पक्ष्याच्या अंगी लागत नाही. वर टाकी उघडी, पाइपात आतून बुळबुळीत थर. जंतू तिथूनच पाजले जात होते. आता टाकीला झाकण आहे, दर बॅचनंतर लाइन धुतात, पाण्यात ब्लीचिंग पावडर ठरल्या प्रमाणात जाते. लसीच्या वेळी मात्र क्लोरीन आधीच बंद करायचं आणि पाण्यात साय काढलेल्या दुधाची पावडर टाकायची, नाहीतर राणीखेत रोगावरची लासोटा लस पाण्यातच मरते आणि आपण लस दिली म्हणून निर्धास्त राहतो.

दुसरं म्हणजे शेडमध्ये खाली अंथरलेलं तूस. ओलं झालं की अमोनियाचा वास डोळ्यांत जातो, पक्ष्याची श्वासनळी हुळहुळी होते आणि ई. कोलायला दार उघडं मिळतं. रोज खालीवर करा, ओलं तेवढं काढून टाका. दोन बॅचमध्ये शेड दहा-पंधरा दिवस रिकामं ठेवा. नुकसान वाटतं, पण औषधाच्या बिलापेक्षा कमीच असतं.

तरीही आजार येईल. मरतूक नेहमीपेक्षा जास्त दिसली की त्याच दिवशी, कुठलंही औषध पाजायच्या आधी, ताजे मेलेले पक्षी बर्फात घालून पशुवैद्यकाकडे न्या. औषध पाजल्यावर घेतलेला नमुना फसवा निघू शकतो. पुण्याला औंधमध्ये पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, नमुना तिथं कसा पाठवायचा ते डॉक्टर सांगतात. रिपोर्ट येईपर्यंत काही द्यावंच लागलं तर ते डॉक्टरांनी ठरवावं, व्यापाऱ्यानं नाही. मात्रा पक्ष्याच्या वजनावर काढून घ्या, नुसती लिटरवर नको. सोलापूरच्या मे महिन्यात कोंबडी एरवीपेक्षा कितीतरी जास्त पाणी पिते, आणि तेवढंच जास्त औषधही.

कोंबडीखत ताजं शेतात टाकू नका, ढीग लावून कुजू द्या; उष्णतेनं त्यातले बरेचसे जंतू मरतात. शेतात तर औषध आधीच पडलंय: आपल्या जिल्ह्यात डाळिंबाच्या तेल्या रोगावर वर्षानुवर्षं स्ट्रेप्टोसायक्लिन फवारलं गेलं. त्यातलं स्ट्रेप्टोमायसिन क्षयरोगाचं औषध. जमिनीला एकाच वेळी दोन्हीकडून मात्रा कशाला?

खाणाऱ्यांनी चिकन सोडावं असं मी म्हणत नाही, मी स्वतः खातो. नीट शिजलं की जंतू मरतात. औषधाचे अंश मात्र सगळेच शिजून जात नाहीत, ते फार्मवरच थांबवावे लागतात. कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका, शिंतोडे ओट्यावर उडतात. त्या सुरीनं, त्या पाटावर कोशिंबीर चिरू नका. हात साबणानं धुवा. 'गावरान' म्हटलं म्हणजे औषध पाजलेलं नाही, असंही समजू नका. दुकानदाराला विचारा, माल कुठल्या शेडचा. दहा जणांनी विचारलं की तो पुढं विचारायला लागेल.

आणि तुम्हाला स्वतःला ताप आला, तुम्ही पाकिटावर लाल रेघ असलेली अँटिबायोटिकची गोळी मागितली आणि मेडिकलवाल्यानं डॉक्टरांची चिठ्ठी मागितली, तर कृपा करून त्याच्याशी भांडू नका.