आठ ग्रॅमचा जीव आणि साठ वॉटचा दिवा

एक रुपयाची दोन नाणी तळहातावर ठेवून पाहा. अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या जपानी लाव्याच्या पिल्लाचे वजन साधारण तेवढेच, म्हणजे ७-८ ग्रॅम असते. कोंबडीचे पिल्लू याच्या पाचपट भरते. एवढासा हा जीव पहिल्या दिवसापासून धावतो, टिपतो, चिवचिवाट करतो. एक गोष्ट मात्र त्याला जमत नाही. स्वतःचे अंग स्वतः गरम ठेवणे!

जपानी लावा, म्हणजेच बटेर, हा पाळीव पक्षी आपल्या देशात १९७४ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियातून उत्तर प्रदेशातील इज्जतनगर येथे आणला गेला. शेताच्या बांधावरून भुर्रकन उडणारे आपले रानलावे वेगळे. त्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. ते धरून आणण्याचा विचारही करू नये. पाळीव जपानी लाव्यात खुडूक बसण्याची सवय जवळजवळ नाहीशी झाली आहे. त्यामुळे अंडी यंत्रात उबवतात. १७-१८ दिवसांनी पिल्ले निघतात, आणि त्यांना पंखाखाली घेणारी आई नसते. तिची जागा घेणारी उबेची पेटी म्हणजे ब्रूडर.

समजा, धुळे जिल्ह्यातील सोनगीरच्या एखाद्या घरी डिसेंबरात अशी ५० पिल्ले आणली आहेत. खानदेशात या दिवसांत काही रात्री पारा १० अंशांच्याही खाली उतरतो. पिल्लांना तर पहिल्या आठवड्यात ३५ ते ३७ अंश सेल्सियस ऊब लागते. तुम्ही त्याच घरात एका गोधडीत सुखाने झोपता. मग पिल्लांचेच एवढे लाड का?

याचे उत्तर भूमितीत आहे. १ सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचे घनफळ १ घन सेंटिमीटर आणि पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. आता बाजू दुप्पट करा. घनफळ होते ८, पृष्ठफळ २४. म्हणजे आधी प्रत्येक घन सेंटिमीटरच्या वाट्याला ६ चौरस सेंटिमीटर पृष्ठ येत होते, आता ३ च येते. उष्णता शरीराच्या आत तयार होते आणि कातडीवाटे निघून जाते. वस्तू जितकी लहान, तितकी तिच्या वजनाच्या मानाने कातडी जास्त. तुमचे वजन ४० किलो धरले, तर तुम्ही ८ ग्रॅमच्या पिल्लाच्या ५००० पट जड. ५००० चे घनमूळ सुमारे १७. तेव्हा आकाराचा फरक सोडून दिला, तर दर ग्रॅममागे पिल्लाची कातडी तुमच्या १७ पट भरते! आणि अंगावर पिसे नाहीत, नुसती लव.

ही लव भिजली तर काय होते, याचा हिशेब करून पाहा. १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० ज्यूल उष्णता लागते. पिल्लाच्या अंगावर दोनच थेंब पाणी सांडले, म्हणजे ०.१ ग्रॅम, त्याला २४० ज्यूल हवेत. पिल्लाचे शरीर १ अंशाने थंड करायला अवघे २८ ज्यूल काढून घ्यावे लागतात. सगळी उष्णता त्याच्याच अंगातून गेली, तर तापमान साडेआठ अंशांनी घसरेल. म्हणून पाण्याचे भांडे बरणीच्या झाकणाएवढे उथळ ठेवतात आणि त्यात खेळायच्या गोट्या टाकतात. पिल्लू गोट्यांमधून चोच बुडवते, स्वतः बुडत नाही.

पायाखाली गुळगुळीत वर्तमानपत्र पसरू नका. पाय घसरून फाकतात आणि फाकलेलेच राहतात. खरखरीत कापड किंवा पन्हाळीचा पुठ्ठा चांगला. १९९० साली ‘मीर’ या अवकाशस्थानकात लाव्याची पिल्ले अंड्यातून बाहेर आली, तेव्हा वजनरहित अवस्थेत त्यांना पाय रोवता येईनात आणि धड खाताही येईना. खाद्य स्टार्टरचे, पण बारीक दळलेले असावे. कोंबडीच्या पिल्लांचे दाणे या चोचीला मोठे पडतात.

आता दिव्याकडे वळू. ६० वॉटचा तारेचा बल्ब प्रकाशाच्या दृष्टीने उधळ्या; त्याची नव्वद टक्क्यांहून अधिक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने जाते. इथे आपल्याला तेच हवे आहे. त्याच्या जागी ९ वॉटचा एलईडी लावून पेटी गरम होईल अशी आशा करू नका. तो फार तर ९ वॉट देईल. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम कुणासाठी सैल होत नाही. दिवा फूटभर उंच, पक्का टांगावा, तूस किंवा कापडाला टेकू देऊ नये, आणि वायरिंग मोठ्या माणसाकडून करून घ्यावे. ऊब कमीजास्त करायची तर दिवा खालीवर करावा.

तापमापी पिल्लांच्या उंचीवर टांगा, पण तिच्यापेक्षा पिल्लांवर अधिक विश्वास ठेवा. हिवाळ्यात सावलीत कुडकुडणारा माणूस दोन पावले सरकून उन्हात बसला की सुखावतो. हवा तीच, किरण मात्र अंगावर येतात. दिव्याखालीही असेच होते. पिल्ले सर्वत्र विखुरलेली, निवांत टिपत असतील तर ऊब योग्य. दिव्यापासून दूर पळून चोच उघडी टाकून धापा टाकत असतील तर ती जास्त. एकाच बाजूला सरकली असतील तर फटीतून वारा येतो आहे. एकमेकांवर चढून गोळा झाली असतील तर थंडी आहे. तीही भूमितीच वापरत असतात: पन्नास लहान जीव मिळून एक मोठा जीव, म्हणजे उघडी कातडी कमी. पण ढिगाच्या तळाची पिल्ले गुदमरून मरतात.

आणि असा ढीग बहुधा रात्री वीज गेल्यावर होतो. तेव्हा काय करायचे?

सोनगीर हे किल्ल्याच्या पायथ्याचे गाव तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे, तेव्हा घरात हंडा असणारच. त्यात ६० अंशांचे ५ लिटर पाणी भरा, तोंड घट्ट झाका आणि पेटीत ठेवा. ते ४० अंशांपर्यंत निवताना ५ × ४.२ × २०, म्हणजे ४२० किलोज्यूल उष्णता बाहेर टाकते. ६० वॉटच्या दिव्याला एवढी ऊर्जा द्यायला ७००० सेकंद, जवळजवळ दोन तास लागतात!

हंडा चिंचेने घासून लख्ख केलेला घ्यावा की चुलीवर काळा झालेला? लख्ख धातू उष्णतेचे किरण फारच थोडे सोडतो. काजळी भरपूर सोडते. जॉन लेस्ली या शास्त्रज्ञाने १८०४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गरम पाण्याच्या एकाच चौकोनी डब्याच्या चकचकीत व काळ्या बाजूंची तुलना करून हे दाखवले होते. तुम्हीही दोन सारखे लोटे घ्या, एकाला बाहेरून काजळी फासा, दोन्हींत सारखे गरम पाणी भरा आणि दर पाच मिनिटांनी तापमान मांडा. न्हाणीघरात लख्ख हंडा बरा, पेटीत काळा. पण पिल्लांना चटका बसू नये म्हणून त्याला सुती फडके गुंडाळावेच लागते, आणि मग काजळीचीही गरज उरत नाही. फडके स्वतःच चांगले किरण सोडते.

दर आठवड्याला ऊब सुमारे ३ अंशांनी कमी करत जावे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पिसे भरतात, वजनही कितीतरी पट झालेले असते, आणि मग थंडी फार नसेल तर दिवा काढून ठेवता येतो. मे महिन्यात पिल्ले आणली तर मात्र उलटी काळजी. दुपारी हवाच ४० अंशांच्या वर असते, दिवा बंद ठेवून पेटी सावलीत, वारा खेळेल अशी ठेवावी लागते. दिवा लागतो तो पहाटे.