पडलेल्या झाडाचा खर्च
(इयत्ता ५ वी ते ७ वी : नागरिकशास्त्र व अंकगणित यांच्या संयुक्त पाठासाठी)

नागरिकशास्त्रात स्थानिक स्वराज्य संस्थांची कामे हा भाग आला म्हणजे दिवाबत्ती, पाणीपुरवठा, आरोग्य, रस्ते अशी यादी मुले धडाधड म्हणून दाखवितात. यादी बिनचूक असते आणि बहुधा निर्जीव असते. या कामांस पैसा कोठून येतो, असे विचारले की वर्गातून एकच उत्तर उठते : ‘सरकार देते.’ हा एक शब्द फोडून त्याच्या आत काय आहे ते मुलांस दाखवावे, एवढाच या पाठाचा हेतू आहे. त्यासाठी वादळात पडलेल्या झाडाइतके सोयीचे उदाहरण मला दुसरे दिसत नाही. ते मुलांनी स्वतः पाहिलेले असते.

चैत्र-वैशाखात वऱ्हाडात दिवसभर ऊन तापते, आणि एखाद्या संध्याकाळी आभाळ काळवंडून सोसाट्याचा वारा सुटतो. अंजनगाव सुर्जीच्या शिवारात केळीच्या व पानपिंपरीच्या बागा आडव्या होतात, गावात पत्रे उडतात, रस्त्यावर झाड पडते व तारा तुटतात. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात मुलांचे बोलणे याच विषयावर असते. पाठ त्या दिवशी घ्यावा. वादळ आले नाही तर उन्हाळी सुट्टीपूर्वी शाळेच्या आवारातील जुन्या झाडाखाली बसून घ्यावा.

झाड पडणे ही केवळ गमतीची गोष्ट नव्हे, हे मोठ्या मुलांस सांगण्यास हरकत नाही. शेजारच्या अकोला जिल्ह्यात, बाळापूर तालुक्यातील पारस येथे ९ एप्रिल २०२३ रोजी रात्री वादळी पाऊस झाला. बाबूजी महाराज संस्थानात जमलेली माणसे पत्र्याच्या शेडखाली आसऱ्यास होती. लगतचे कडुनिंबाचे जुने झाड त्या शेडवर कोसळले आणि ७ माणसे मृत्यू पावली. कित्येक जखमी झाली. कडुनिंबाचे झाड, त्याच्याजवळ पत्र्याचे छप्पर आणि त्याखाली जमलेली माणसे हे चित्र आपल्या किती शाळांचे आहे, याचा विचार शिक्षकांनी मनाशी करावा. वर्गात तो बोलून दाखवून लहान मुलांस भिववू नये.

आता झाड का पडते ते पाहू. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० किलोमीटर वेगाचा वारा ताशी ८० झाला म्हणजे दाब दुप्पट न होता चौपट होतो. सातवीच्या मुलांस वर्गसंख्या शिकविताना हे उदाहरण अवश्य द्यावे. ३ चा वर्ग ९ हे पाठ असलेल्या मुलासही तिप्पट वाऱ्यात नऊपट दाब असतो हे ऐकून नवल वाटते. परंतु वारा सर्वच झाडांवर सारखा येतो, पडते मात्र एखादेच. त्याचे कारण बहुधा जमिनीत असते. झाडास आधार देणारी मुळे फार खोल न जाता आडवी दूरवर पसरतात. रस्ता, गटार वा नळाची वाहिनी यांसाठी एका बाजूने चर खणला की त्या बाजूची मुळे तुटतात. वरून झाड हिरवेगार दिसते, पण त्याचा एक पाय गेलेला असतो. बुंध्याला घट्ट चिकटवून सिमेंट ओतले की मुळांस पाणी व हवा मिळत नाही. आपल्याकडे शाळेतील झाडाला पार बांधण्याची हौस फार. पार शोभतो, मुले त्यावर बसतात, हे खरे. परंतु पुष्कळ ठिकाणी तो खोडास आवळून बांधलेला माझ्या पाहण्यात आहे. राष्ट्रीय हरित अधिकरणाने २०१३ साली दिल्लीतील झाडांविषयी आदेश देताना बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचे सिमेंट काढण्यास सांगितले होते. ते माप आपणही पाळावे. याखेरीज खोडातील पोकळी, बुंध्याशी उगवलेली अळिंबी, एका बाजूस वाढत जाणारा कल, मुळाशी उचललेली माती आणि वाळलेली मोठी फांदी ही लक्षणे मुलांस ओळखता येण्याजोगी आहेत.

झाड पडले. आता खर्चाकडे वळू. प्रथम मुलांस विचारावे, झाड कोणाच्या जागेत होते? खाजगी आवारातील झाड मालकाचे, नगरपरिषदेच्या रस्त्यावरील नगरपरिषदेचे, शाळेच्या आवारातील असेल तर शाळा ज्या संस्थेची तिचे. खर्चाची जबाबदारी प्रथम या क्रमाने जाते. लाकूडही याच क्रमाने जाते. सार्वजनिक झाडाच्या लाकडाचा लिलाव होऊन रक्कम त्या संस्थेच्या निधीत जमा व्हावयाची असते. लाकूड कोणी तरी परस्पर नेले तर गेला तो आपलाच पैसा, हे मुलांच्या लक्षात लगेच येते.

नगरपरिषदेचा मुख्य आधार म्हणजे मालमत्ता कर. शहरी भागासाठी महाराष्ट्रात झाडांच्या संरक्षण व जतनाचा १९७५ चा अधिनियम आहे. त्याअन्वये वृक्ष प्राधिकरण असते, परवानगीवाचून झाड तोडता येत नाही, आणि झाडांसाठी वेगळा उपकर बसविता येतो. घरपट्टीच्या बिलावर ‘वृक्ष कर’ अशी जी बारीक ओळ असते ती हीच. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांस वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे बंधन आले. ही ओळ मुलांनी घरच्या बिलावर शोधून आणावी. खेड्यातील शाळेत हे बिल नसेल. तेथे ग्रामपंचायतीची पट्टी व ग्रामनिधी घेऊन हाच पाठ चालवावा.

उपकराचे गणित फळ्यावर असे मांडावे. आकडे कल्पित आहेत. शिक्षकांनी स्थानिक माहितीप्रमाणे ते बदलावेत. समजा, एका घराचे वार्षिक भाडेमूल्य ६,००० रुपये आहे. दुरुस्तीसाठी शेकडा १० वजा करून करयोग्य मूल्य ५,४०० रुपये. वृक्ष उपकर समजा शेकडा १. म्हणजे घरामागे ५४ रुपये. अशी ८,००० घरे असतील तर मागणी ४,३२,००० रुपयांची. पण वसुली समजा शेकडा ७५ झाली. हाती आले ३,२४,००० रुपये. एका मोठ्या झाडाची धोकादायक फांदी उतरविण्यास मजूर, दोर, शिडीची गाडी व वाहतूक मिळून समजा ६,००० रुपये लागतात. तर किती झाडे होतील? ५४. पूर्ण वसुली झाली असती तर ७२ झाली असती. थकबाकीमुळे १८ झाडांच्या फांद्या तशाच राहिल्या. येथे शिक्षकांनी क्षणभर थांबावे. ‘त्या १८ झाडांपैकी एक शाळेजवळ असेल तर?’ हा प्रश्न कोणी मूल स्वतःच विचारते. न विचारल्यास शिक्षकांनी विचारावा. घरी कर थकलेला असेल अशा मुलाकडे वर्गाने पाहू नये, याची मात्र काळजी घ्यावी. गरिबीमुळे थकलेला कर आणि ऐपत असून न भरलेला कर यांत फरक आहे.

मग सरकारची मदत कोठे आली? ती आहे, पण तिच्या अटी आहेत. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ प्रमाणे प्रत्येक राज्यात आपत्ती प्रतिसाद निधी असतो. महाराष्ट्रासारख्या राज्यात त्यातील शेकडा ७५ केंद्राचे आणि २५ राज्याचे. चक्रीवादळ, पूर, गारपीट यांसारख्या ठरलेल्या आपत्तींसाठी तो वापरला जातो. वैशाखातील स्थानिक वादळ त्या केंद्रीय यादीत नाही. परंतु राज्यास आपल्या परिस्थितीनुसार आणखी आपत्ती जाहीर करून निधीचा शेकडा १० पर्यंत भाग त्यांवर खर्च करता येतो. त्याप्रमाणे महाराष्ट्राने २०१४ मध्ये अवेळी पाऊस, अतिवृष्टी, वीज कोसळणे, समुद्राचे उधाण व आकस्मिक आग यांचा समावेश केला. मृताच्या वारसास ४ लाख रुपये, घरांच्या पडझडीस ठरीव रक्कम, सार्वजनिक जागेतील मोडतोड हलविण्याचा खर्च, प्राथमिक शाळेच्या तातडीच्या दुरुस्तीस मर्यादित साहाय्य, अशा बाबी निधीच्या निकषांत आहेत. मोठ्या संकटात राज्य स्वतंत्रपणेही देते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने कोकण झोडपले, त्यानंतर रायगड जिल्ह्यास १०० कोटी, रत्नागिरीस ७५ कोटी व सिंधुदुर्गास २५ कोटी रुपयांची तातडीची मदत जाहीर झाली होती.

या सर्व मदतीचा स्वभाव एकच आहे : ती झालेल्या नुकसानीसाठी आहे. उभ्या असलेल्या, पण उद्या पडेल अशा झाडासाठी प्रतिसाद निधी नाही. २०२१ ते २०२६ या काळासाठी पंधराव्या वित्त आयोगाने आपत्तीच्या रकमेचा शेकडा २० भाग उपशमनासाठी, म्हणजे संकट येण्यापूर्वीच्या कामांसाठी, वेगळा काढला. हे योग्यच झाले. तथापि एका गावातील एका वाळक्या फांदीसाठी राज्याच्या निधीकडे पाहत बसणे हा व्यवहार नव्हे. ती फांदी नगरपरिषदेच्या वा ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकातूनच उतरली पाहिजे, आणि अंदाजपत्रक तर वादळाच्या आधी, आर्थिक वर्ष सुरू होण्यापूर्वी मंजूर होते. वैशाखात ओरडून माघातील तरतूद होत नाही.

मदतीची दुसरी अट म्हणजे नोंद. नुकसानीचा पंचनामा झाल्यावाचून प्रकरण पुढे सरकत नाही. पंचनामा तलाठी, ज्यांस आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, व ग्रामपंचायत अधिकारी करतात. तेथून तो तहसीलदारांकडे व पुढे जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. अमेरिकेतही मोठ्या वादळानंतर झाडे व मोडतोड हलविण्याच्या पात्र खर्चापैकी किमान शेकडा ७५ संघराज्य सरकार देते, पण स्थानिक संस्थेला मजुरांचे तास, यंत्रे व वाहून नेलेला माल यांची नोंद दाखवावी लागते. श्रीमंत देशातही कागदावाचून पैसा सुटत नाही, हे ऐकून मुलांस हसू येते. हसू द्यावे.

शाळेचे छप्पर उडाल्यास मुख्याध्यापकांनी साफसफाई करण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत, त्यांवर दिनांक घालावा, साठा नोंदवहीतील कोणत्या वस्तू भिजल्या वा मोडल्या त्याची यादी करावी आणि त्याच दिवशी केंद्रप्रमुख, पंचायत समिती व महसूल कार्यालय यांस लेखी कळवावे. उत्साहाच्या भरात गावकरी सकाळीच सर्व आवरून टाकतात, आणि मग पंचनाम्यास पाहण्याजोगे काही उरत नाही. तुटलेल्या तारेजवळ मात्र कोणासही जाऊ देऊ नये. महावितरणचा माणूस येऊन प्रवाह बंद असल्याचे सांगेपर्यंत छायाचित्रही दुरूनच घ्यावे. किरकोळ दुरुस्ती पटसंख्येनुसार मिळणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानातून शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने होऊ शकते. मोठ्या दुरुस्तीचा प्रस्ताव पंचायत समितीमार्फत जिल्हा परिषदेकडे जावयाचा.

शाळेच्या आवारातील झाड धोक्याचे वाटले तर शिक्षकाने कुऱ्हाड मागवू नये. साग, चिंच, आंबा, जांभूळ, मोह, अंजन इत्यादी झाडे १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्याच्या यादीत आहेत. त्यांस वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. कडुनिंब, वड, पिंपळ त्या यादीत नाहीत. तरीही आवारातील झाड ही जिल्हा परिषदेची मालमत्ता आहे व निर्णय तिनेच घ्यावयाचा. शिवाय प्रत्येक वेळी तोडण्याची गरज नसते. वाळकी फांदी उतरविली, पार सैल केला, शेड दोन खण सरकविली, की झाड पुढील पिढीस सावली देत राहते. भीतीपोटी सगळे आवार उघडे बोडके करणारी शाळा मला पडक्या शाळेइतकीच वाईट वाटते.

लेखी कळविण्याचे महत्त्व एका खटल्यावरून दिसेल. राजकोट येथे रस्त्याकडेचे झाड अंगावर पडून एक मनुष्य मरण पावला. भरपाईचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९७ मध्ये निकाल महानगरपालिकेच्या बाजूने लागला. झाडाचा दोष आधी दिसण्याजोगा नव्हता, हा त्यातील एक महत्त्वाचा मुद्दा होता. याचा व्यावहारिक अर्थ शिक्षकांनी ध्यानी घ्यावा. ज्या झाडाविषयी कोणी पत्र दिले व पोच घेतली, त्या झाडाविषयी ‘आम्हास ठाऊक नव्हते’ असे म्हणणे कोणत्याही संस्थेस कठीण जाते.

म्हणून या पाठाचा स्वाध्याय वहीत न राहता नोंदवहीत जावा. पाचवीच्या मुलांनी आवारातील व शाळेच्या वाटेवरील झाडे मोजून नावे लिहावीत. सहावीच्या मुलांनी छातीच्या उंचीवर, म्हणजे सुमारे १.४ मीटरवर, दोरीने घेर मोजावा आणि घेर भागिले ३.१४ करून व्यास काढावा. सातवीच्या मुलांनी वर सांगितलेली लक्षणे पाहून ‘ठीक’, ‘पाहावे’, ‘तातडीचे’ असा शेरा लिहावा. मुलांनी झाडावर चढू नये व वाळक्या फांदीखाली उभे राहू नये. शेरा शिक्षकांनी स्वतः झाडाजवळ जाऊन तपासावा. नोंदवहीची एक प्रत शाळेत ठेवावी, दुसरी शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत वाचून ठरावासह ग्रामपंचायतीस वा नगरपरिषदेस द्यावी. हे काम दिवाळीनंतर लगेच हाती घ्यावे. अंदाजपत्रकाच्या चर्चेआधी प्रत पोहोचली पाहिजे, आणि पोच घेतल्याचा दिनांक नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहावा.