गॅलरीतलं पॅनेल की गच्चीवरचं?

दहा-बारा हजार रुपये सोलरवर घालायचे ठरवले, तर फ्लॅटवाल्यापुढे दोन वाटा असतात. पहिली गॅलरीची. 100 वॉटचं पॅनेल चार-पाच हजारांना मिळतं, चार्ज कंट्रोलर हजाराच्या आत, 12 व्होल्टची 20 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी चार-पाच हजारांना. वायर, क्लॅम्प, स्टँड वेगळे.

मोकळ्या गच्चीवर हे पॅनेल दिवसाला साधारण 0.4 युनिट देईल. गॅलरीच्या कठड्याला उभं बांधलं की त्याच्या निम्मंही कठीण. मे महिन्यात आपल्याकडे दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो. दक्षिणेची गॅलरी असली तरी वरच्या मजल्याचा स्लॅब ऊन अडवतो. निम्मं धरलं तरी महिन्याला सहा युनिट. बारा रुपये दराने बहात्तर रुपये! बिल कमी करण्यासाठी घेणार असाल, तर हा नाद सोडा. वीज गेल्यावर राऊटर, दोन एलईडी आणि दोन-तीन तास बीएलडीसी पंखा चालावा एवढीच अपेक्षा असेल, तर जरूर घ्या.

जर्मनीत 800 वॉटपर्यंतचे संच सरळ सॉकेटला जोडतात, त्याचे व्हिडिओ पाहून इथे तसं करू नका. नेट मीटरशिवाय परवानगी नाही, आणि अनेक मीटर उलट गेलेली वीजही तुमच्याच वापरात मोजतात.

दुसरी वाट सोसायटीच्या कॉमन मीटरची. चाळीस फ्लॅट, दोन लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले दिवे अशी इमारत धरू. 10 किलोवॉटला हजारेक चौरस फूट बिनसावलीची गच्ची लागते. पाण्याच्या टाकीची सावली आधी बघा. खर्च सुमारे सहा लाख. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे 18,000 रुपये मिळतात, म्हणजे 1,80,000. उरले 4,20,000, फ्लॅटमागे साडेदहा हजार. गॅलरीतल्या खेळण्याइतकेच!

किलोवॉटमागे रोज सरासरी चार युनिट धरले, तर महिन्याला 1,200 युनिट, फ्लॅटमागे तीस. पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. शिवाय कमी होतात ते आधी वरच्या, महागड्या स्लॅबमधले युनिट. कागदावर अडीच वर्षांत पैसे वसूल. धूळ, कबुतरं आणि कमिटीतले वाद धरून चार समजा. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो. वर्षभराचं बिल पाहूनच क्षमता ठरवा, कारण वर्षाअखेर शिल्लक युनिटला मिळणारा भाव अगदीच किरकोळ असतो.

लिफ्ट बंद पडणार नाही, असं सांगणाऱ्या विक्रेत्याला दारातूनच परत पाठवा. बॅटरीविना ग्रिडला जोडलेला सोलर वीज गेली की स्वतःही बंद होतो. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ते आवश्यकच आहे.

कोटेशन घेताना पॅनेल डीसीआर, म्हणजे भारतात बनलेल्या सेलचं आहे का, हे लेखी घ्या. नसेल तर स्वस्त पडेल, पण सबसिडी नाही. स्ट्रक्चरची उंची, अर्थिंग, वीजरोधक, पॅनेल धुवायला नळ हे त्याच आकड्यात आहे का, तेही विचारा. गच्ची सोसायटीची, त्यामुळे सर्वसाधारण सभेचा ठराव हवाच. सबसिडी काम झाल्यावर, तपासणीनंतर खात्यात येते. म्हणून ठरावात सहाही लाखांची तरतूद करा, चार लाख वीस हजारांची नव्हे.