ऑपरेशननंतर दाब पुन्हा पुन्हा का मोजतात?

प्रश्न : आईचं काचबिंदूचं ऑपरेशन महिन्यापूर्वी झालं. एकदा डोळ्याचा दाब ९ आला, नंतर दुसरीकडे हवेच्या मशीनवर १७. नेमकं काय समजायचं?

उत्तर : दोन वेगवेगळ्या यंत्रांच्या आकड्यांची तुलना करू नका. हवेच्या झोताने मोजलेला दाब चाळणीपुरता ठीक. ऑपरेशननंतर मात्र गोल्डमन टोनोमीटरच हवा. त्यात भुलीचा थेंब घालतात, पिवळा रंग लावतात आणि निळ्या प्रकाशात छोटं टोक बुब्बुळावरच्या पारदर्शक पडद्याला अलगद टेकवतात. दुखत नाही. त्या वेळी आईंनी श्वास रोखू नये, डोळा घट्ट मिटू नये. दोन्हींमुळे आकडा फुगतो. गळ्याशी घट्ट बसणारा ब्लाउजही नको.

तरीही ही वाढ खरी असू शकते, म्हणून ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना याच आठवड्यात दाखवा. डोळ्यातलं पाणी बाहेर जाण्यासाठी ऑपरेशनमध्ये केलेली नवी वाट जखमेसारखी भरून येऊ लागली की दाब चढतो. वेळीच कळलं तर लेझरने टाका सैल करता येतो. स्टिरॉइडच्या थेंबांनीही काहींचा दाब वाढतो, पण ते मनाने बंद करू नका. दाब ६ च्या खाली जाणंही चांगलं नाही. डोळा लाल झाला, दुखला किंवा अंधुक दिसू लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.